खूण कोणाची, मजकूर कोणाचा? दस्तऐवजातले उतारे यंत्राने वेचण्याचा इतिहास

१/
केलेल्या कामावर पाणी पडले की मराठीत ‘हरताळ फासला’ असे म्हणतात. हरताळ हे पिवळ्या रंगाचे खनिज. हस्तलिखित पोथीत अक्षर चुकले, की लेखक त्याची पूड खलून त्या जागेवर फासत असे. ‘उवाच’ किंवा अध्यायसमाप्तीची ओळ मात्र लाल शाईने लिहिली जाई. एक खूण सांगे, ‘हे रद्द’; दुसरी सांगे, ‘हे शोधायला सोपे पडावे’. वाचणाऱ्याची नजर लाल अक्षरांवरून उडी मारत नेमक्या जागी पोचे.

२/
संगणकाच्या युगात हीच गरज नव्या रूपात उभी राहिली. एका कार्यालयात हजार करारनामे आहेत आणि प्रत्येकातले फक्त नुकसानभरपाईचे कलम हवे आहे. माणूस पाने उलटून ते काढील, पण त्याला महिने लागतील. आज्ञावली ते क्षणात काढील, पण कलम कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे तिला कळायला हवे. ठळक अक्षर पाहून माणूस ‘हे शीर्षक’ असे ओळखतो; यंत्राला ते फक्त ठळक अक्षर असते. खूण कशी करावी, ती कोणी वाचावी आणि तिच्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नांचा हा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास.

३/
१९६० च्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा मजकुरात घातलेले संकेत हे हुकूम होते : येथे अक्षर मोठे करा, येथे दोन ओळी सोडा, येथे तिरपे छापा. दिसणे सांगितले जाई, असणे नाही. तिरपे अक्षर ग्रंथाचे नाव असेल, परभाषेतला शब्द असेल किंवा नुसता भर असेल. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकुराचा आशय आणि त्याची मांडणी वेगळी ठेवावी, असा विचार मांडला. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे ग्रंथ-रचनाकार स्टॅन्ली राइस हेही मजकुराच्या घटकांना सर्वमान्य नावे देण्याची कल्पना मांडत होते.

४/
या विचाराला प्रत्यक्ष रूप आले ते वकिली कागदपत्रांमुळे. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले चार्ल्स गोल्डफार्ब आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील संशोधन केंद्रात काम करत होते. वकिलांच्या कार्यालयांसाठी एकसंध व्यवस्था उभी करायची होती : कागदपत्र लिहिता-सुधारता यावे, जुन्या कागदांतून हवे ते शोधता यावे आणि शेवटी छापता यावे. या तीन कामांसाठी तीन वेगळे प्रोग्रॅम होते आणि एकाची फाइल दुसऱ्याला उमगत नव्हती.

५/
१९६९ मध्ये गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी उपाय काढला. ‘हे मोठ्या अक्षरात’ असे न सांगता ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’ एवढेच फाइलीत नोंदवायचे. शीर्षक कसे छापायचे ते छपाईचा प्रोग्रॅम ठरवील. शोधणारा प्रोग्रॅम फक्त शीर्षके चाळील. मजकूर एकच, उपयोग अनेक. या पद्धतीचे जीएमएल हे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांशी जुळते, आणि हा योगायोग नव्हता.

६/
१९८६ मध्ये याच कल्पनेचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचे नाव एसजीएमएल, क्रमांक आयएसओ ८८७९. त्यात ‘मार्क्ड सेक्शन’, म्हणजे खूण केलेला भाग, ही स्वतंत्र सोयच होती. एखाद्या भागावर ‘समाविष्ट करा’ किंवा ‘वगळा’ अशी खूण करता येई. एका यंत्राचे दोन नमुने असतील, तर दोन पुस्तिका लिहायला नकोत. एकाच फाइलीत खुणा करून दोन्ही काढता येतील. खूण बदलली की उतारा बदलतो, मूळ मजकुराला हात लागत नाही.

७/
या विचाराची मोठी कसोटी शब्दकोशात लागली. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाचे संगणकीकरण सुरू झाले. अमेरिकेत १२० हून अधिक टंकलेखकांनी ३५ कोटींहून अधिक अक्षरे संगणकात भरली आणि इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली. पण नुसती अक्षरे भरून भागणार नव्हते. छापील पानावर मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती आणि अवतरण यांतला भेद टंकाच्या वळणांतून आणि मांडणीतून कळे. तो भेद यंत्राला कळावा म्हणून प्रत्येक घटकाची खूण मजकुरात उतरवावी लागली.

८/
कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने या खुणांच्या आधारे शोध घेणारे प्रोग्रॅम तयार केले. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती वीस खंडांत छापली गेली. पण खरी कमाई खंडांबाहेर होती. अमुक लेखकाची सर्व अवतरणे द्या, किंवा अमुक वर्षी प्रथम नोंदलेले शब्द द्या, असे आता कोशाला विचारता येऊ लागले. खुणांवाचून तो निव्वळ अक्षरांचा ढीग राहिला असता. वॉटर्लूच्या या प्रकल्पाचे काम पाहणाऱ्यांत टिम ब्रे नावाचा तरुण होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

९/
कचेऱ्यांचा प्रवास मात्र उलट दिशेने चालला होता. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांच्या प्रयत्नांतून ‘ब्राव्हो’ हा वर्ड प्रोसेसर तयार झाला. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उतरेल, ही त्याची किमया. १९८१ मध्ये सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ बाजारात आले. कारकुनाला टॅग शिकण्याची गरज उरली नाही. ही सोय क्रांतिकारकच होती. पण तिच्यासोबत दिसणे पुन्हा असण्याच्या जागी येऊन बसले. ‘हे शीर्षक’ असे नोंदवण्यासाठी वर्डमध्ये स्टाइलची सोय होती, तरी असंख्य लोक अक्षरे निवडून ती ठळक आणि मोठी करण्यावरच थांबले.

१०/
जुन्या डॉक फाइलीचे पोटही विलक्षण होते. ब्राव्होकडून आलेल्या रचनेनुसार मजकूर वाचनाच्या क्रमाने साठवलेला नसे. तुकडे इतस्ततः असत आणि कोणता तुकडा कोणामागून यायचा याचा तक्ता वेगळा असे. ‘फास्ट सेव्ह’ चालू असेल, तर फाइल नव्याने न लिहिता फक्त बदल शेवटी जोडले जात. पडद्यावरून पुसलेले वाक्य फाइलीत तसेच पडून राहू शके. पोथीतल्या हरताळाखालच्या अक्षरासारखे ते झाकलेले असे, नाहीसे झालेले नसे.

११/
फाइलीच्या पोटात काय काय उरते, हे फेब्रुवारी २००३ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इराकविषयी ब्रिटिश सरकारने प्रसृत केलेल्या एका अहवालाचा बराच भाग एका अभ्यासकाच्या प्रकाशित लेखातून उचललेला आहे, हे केंब्रिज विद्यापीठातील ग्लेन रंगवाला यांनी दाखवून दिले. अहवाल वर्ड फाइलीच्या रूपात संकेतस्थळावर ठेवलेला होता. संगणक-सुरक्षेचे तज्ज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी त्या फाइलीतून शेवटच्या दहा नोंदींचा इतिहास बाहेर काढला : कोणी, कोणत्या नावाने फाइल जतन केली. अहवाल हाताळणाऱ्यांची नावे अशी उघडी पडली. पंतप्रधानांचे माध्यमप्रमुख अॅलिस्टर कॅम्बेल यांना पुढे संसदीय समितीपुढे या नावांविषयी उत्तरे द्यावी लागली. येथे खुणा लेखकाने केल्या नव्हत्या; प्रोग्रॅमने त्या त्याच्या नकळत केल्या होत्या.

१२/
सामान्य प्रोग्रॅमरची अडचण नेमकी उलटी होती. जे जाणूनबुजून खूण करून ठेवले, तेच त्याला सहज मिळत नव्हते. वर्डमध्ये उतारा निवडून त्याला बुकमार्क म्हणून नाव देता येई आणि मॅक्रो लिहून त्या नावाचा मजकूर मागता येई. पण त्यासाठी वर्डच चालू असावे लागे. वर्डशिवाय फाइल वाचायची, तर बाइटींच्या जंगलातून वाट काढावी लागे. २००१ पासून उभ्या राहिलेल्या अपाची पीओआय या मुक्त प्रकल्पाने तसे केले. त्याच्या वर्ड वाचणाऱ्या विभागाच्या नावाचा अर्थच ‘भयंकर वर्ड प्रोसेसर फॉरमॅट’ असा होता. विनोदामागचा वैताग खरा होता. जुन्या फाइलरचनेचा तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला, तो थेट फेब्रुवारी २००८ मध्ये.

१३/
दरम्यान १० फेब्रुवारी १९९८ रोजी एसजीएमएलची सुटसुटीत आवृत्ती जाहीर झाली : एक्सएमएल. तिच्या संपादकांत ऑक्सफर्ड कोशाच्या कामातून आलेले टिम ब्रे होते आणि मायक्रोसॉफ्टचे जाँ पाओलीही होते. मे २००५ मध्ये एक्सएमएलवर आधारलेले ओडीएफ हे खुले दस्तऐवज-मानक संमत झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी दस्तऐवजांसाठी ते स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. लोकांचे दप्तर उघडण्याची किल्ली एकाच कंपनीच्या हाती नसावी, हा त्यामागचा विचार. त्यावर राजकीय वादळ उठले आणि २००७ मध्ये त्याच राज्याने मायक्रोसॉफ्टचे नवे स्वरूपही मान्य यादीत घातले.

१४/
ते नवे स्वरूप म्हणजे वर्ड २००७ ची डॉक्स फाइल. ती प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते. नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले की गाठोडे सुटते. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात मुख्य मजकुराची एक्सएमएल फाइल. परिच्छेद, त्यात एकसारख्या वळणाच्या अक्षरांचे ‘रन’ आणि रनमध्ये प्रत्यक्ष मजकूर, अशी ही उतरंड. पूर्वी जे बाइटींचे जंगल होते, तेथे आता पाट्या लागल्या. कोणत्याही भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वर्ड न उघडता उतारा वेचणे शक्य झाले.

१५/
शक्य झाले, पण सोपे नव्हे. बुकमार्कचा आरंभ आणि अंत या दोन सुट्या टॅगांच्या खुणा असतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे एक क्रमांक. आरंभ एका परिच्छेदाच्या मध्यावर आणि अंत पाच परिच्छेदांनंतर असू शकतो. म्हणून प्रोग्रॅमला फाइल क्रमाने चालावी लागते : आरंभाची खूण दिसली की मजकूर गोळा करायला लागायचे आणि त्याच क्रमांकाचा अंत येईपर्यंत थांबायचे नाही. दुसरी खोच रनची. वेगवेगळ्या वेळी केलेल्या दुरुस्त्यांमुळे एकच शब्द फुटतो. ‘महाराष्ट्र’ मधला ‘महा’ एका रनमध्ये आणि ‘राष्ट्र’ दुसऱ्यात. तुकडे आधी सांधले नाहीत, तर डोळ्यांसमोरचा शब्द शोधात सापडत नाही.

१६/
सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ‘ट्रॅक चेंजेस’. बदलांची नोंद ठेवणे चालू असेल, तर वगळलेला मजकूर ‘वगळला’ अशा टॅगमध्ये आणि नवा मजकूर ‘घातला’ अशा वेष्टनात फाइलीतच राहतो. बेसावध प्रोग्रॅमच्या हातून दोन्ही बाजूंनी चूक होते. सरसकट सारे वेचले, तर वाटाघाटीत रद्द झालेले कलम करारात परत येते. परिच्छेदाला थेट जोडलेले रनच वाचले, तर नव्याने मान्य झालेले वाक्य गळून पडते. छापील प्रत नीट दिसते आणि वेचलेला उतारा खोटा ठरतो. हरताळ आणि लाल शाई ओळखता न येणाऱ्या नकलनविसाकडून जे झाले असते, तेच येथे होते.

१७/
वर्डमध्ये आणखी एक खूण होती : ‘कस्टम एक्सएमएल’. वापरणाऱ्याने ‘औषधाचे नाव’, ‘मात्रा’, ‘इशारा’ असे स्वतःचे टॅग मजकुरात घालायचे आणि पुढे नेमके तेवढेच वेचायचे. टोरोंटोच्या आयफोरआय या छोट्या कंपनीचे म्हणणे असे, की ही युक्ती तिच्या पेटंटचा भंग करते. १९९४ मध्ये अर्ज केलेले आणि १९९८ मध्ये मिळालेले ते पेटंट मजकूर एकीकडे, खुणा दुसरीकडे आणि कोणती खूण कोठे लागते याचा नकाशा, अशा रचनेचे होते. २००७ मध्ये टेक्सासच्या न्यायालयात दावा दाखल झाला. मे २००९ मध्ये ज्यूरीने २० कोटी डॉलरची भरपाई ठरवली; व्याज आणि दंडासह रक्कम सुमारे २९ कोटींवर गेली.

१८/
न्यायालयाचा मनाई हुकूम ११ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या वर्डमधून ती सोय काढण्यात आली. अशा वर्डमध्ये जुनी डॉक्स फाइल उघडली, की मजकूर तसाच राही, पण वापरणाऱ्याने घातलेले ते टॅग गळून पडत. जून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयफोरआयच्या बाजूने निकाल दिला. पेटंट कायद्याच्या दृष्टीने हा छोट्या कंपनीचा मोठा विजय होता. पण ज्याने आपल्या कागदपत्रांत कष्टाने खुणा केल्या होत्या, तो या खटल्यात पक्षकार नव्हता; आणि त्या खुणा शोधणारा प्रोग्रॅम रिकाम्या हाताने परतत होता. नाव दिलेल्या चौकटींची ‘कंटेंट कंट्रोल’ ही वेगळी सोय मात्र शाबूत राहिली.

१९/
याच काळात डॉक्सच्या रचनेला आंतरराष्ट्रीय मानक करण्यावरून संघर्ष पेटला. डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेने ती मान्य केली, तेव्हा तिचा मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता. आक्षेप अनेक होते. ओडीएफ असताना दुसरे मानक कशाला? आणि ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा’ अशा अर्थाच्या टॅगचे काय? वर्ड ९५ अंतर कसे सोडत असे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते कसे पाळावे? खूण उघडी होती; तिचा अर्थ अजून एका घरातच होता.

२०/
सप्टेंबर २००७ मधील मतदानात भारताने विरोधी मत दिले आणि प्रस्तावही तेव्हा फेटाळला गेला. मार्च २००८ मध्ये सुधारित प्रस्ताव संमत झाला, तेव्हाही भारतीय मानक ब्यूरोने आपला नकार बदलला नाही. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपीलही केले. ऑगस्ट २००८ मध्ये ते नामंजूर झाले आणि त्याच वर्षी आयएसओ/आयईसी २९५०० हे मानक प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

२१/
मराठी कागदपत्रांत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर अशा फाँटांत टाइप झाला, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. पडद्यावर मराठी, पोटात रोमन चिन्हे. ‘किनारा’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण दिसण्याचा क्रम तसा. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ‘कर्ज’ मधला रफारही असाच उलटा. प्रोग्रॅमने उतारा अचूक वेचला, तरी हाती येतो तो न वाचता येणारा गोंधळ.

२२/
तरीही वाट असते, आणि ती खुणेतूनच जाते. डॉक्समधल्या रनसोबत फाँटचे नाव नोंदवता येते. रूपांतर करणारा प्रोग्रॅम ते नाव वाचून त्या फाँटचा तक्ता निवडतो, वेलांट्या आणि रफार जागेवर नेतो आणि मजकूर पुन्हा मराठी होतो. पण कोणी ‘फाँट काय कामाचा’ म्हणून फक्त अक्षरे उचलली, की कोणता तक्ता लावायचा याची खूण हरवते. एका दस्तऐवजात दोन फाँट मिसळले असतील, तर प्रत्येक रनचे नाव वेगळे पाहावे लागते.

२३/
वकिलांच्या कपाटापासून शब्दकोशापर्यंत आणि टेक्सासच्या न्यायालयापासून मानकांच्या मतदानापर्यंत प्रश्न एकच राहिला : मजकुराचा भाग काय आहे, हे उघड आणि टिकाऊ रीतीने नोंदवले आहे का? जेथे नोंदवले, तेथे दुसऱ्या पिढीचा प्रोग्रॅमही तो वेचू शकला. जेथे फक्त दिसण्यावर भागवले किंवा खुणेचा अर्थ एकाच कंपनीपाशी राहिला, तेथे मजकूर असूनही हाती लागला नाही. आज एखादा कारकून अक्षरे नुसती ठळक न करता ‘शीर्षक’ ही स्टाइल निवडतो, तेव्हा १९६९ मधल्या त्या तिघांचेच काम तो पुढे नेत असतो. पन्नास वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला त्या एका निवडीचा उपयोग होईल.

(समाप्त)